आयत्या बिळावर सोंड्या: विलोच्या पानावरच्या गाठीची गोष्ट

माझ्या खोलीच्या खिडकीत जॅमची एक रिकामी बाटली आहे. तिच्यावर एक लेबल आहे आणि त्या लेबलवर एक शब्द खोडलेला आहे. आजचा लेख त्या खोडलेल्या शब्दाबद्दल आहे.

झालं असं. पीएच.डी.च्या पहिल्या उन्हाळ्यात मी इथे जर्मनीत, नदीकाठच्या विलोच्या झाडांवरून पानं गोळा करत होते. त्या पानांवर लालसर, घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. डझनभर गाठी आणल्या, बाटलीत तळाला ओलसर वाळू घातली, वर गाठीची पानं ठेवली, तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि वाट बघत बसले. काही आठवड्यांनी वाळूतून इवलेसे काळे भुंगे वर आले. दोन-अडीच मिलिमीटर लांब, आणि तोंडापुढे सोंडेसारखी लांब बारीक नळी. तांदळातले सोंडे बघितले असतील ना तुम्ही? त्याच कुळातले. मी खूश. वहीत लिहिलं, लेबलवर लिहिलं: ‘गाठ करणारा कीटक – सोंड्या भुंगा’.

माझ्या गाईडनी लेबल वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "याला गाठ करताना पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. गाठीतून बाहेर पडताना पाहिलं होतं. आणि या दोन गोष्टींमध्ये केवढा फरक आहे, हे समजायला मला पुढचं वर्ष लागलं. ते वर्षभराचं शिक्षण तुम्हाला दहा मिनिटांत द्यायचा प्रयत्न करते.

गाठ म्हणजे नक्की काय?

‘झाडावरची गाठ’ म्हटलं की रोग, कीड, काहीतरी बिघडलंय असं मनात येतं. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी अशी एक गाठ चाटलेली आहे. बाळगुटीत मायफळ उगाळतात, आठवतंय? ते मायफळ हे फळ नाहीच. तुर्कस्तान, इराण या भागांतल्या एका ओकच्या फांदीवर छोटी गांधीलमाशी अंडी घालते आणि त्या जागी झाड एक टणक गोळा तयार करतं. तो गोळा म्हणजे मायफळ. आत बी नसतं, अळी असते. खोकल्याच्या काढ्यातली काकडशिंगी हीसुद्धा अशीच गाठ, फक्त तिथे कारागीर म्हणजे मावा.

आणि मुंबई-पुण्यात राहत असाल तर रस्त्याकडेच्या सातवीणीची पानं बघा. त्यांच्यावर बऱ्याचदा फोडांसारखे उंचवटे असतात. तेही सिला जातीच्या बारीक किडीचं घर.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. गाठीतली प्रत्येक पेशी झाडाची असते. कीटक बाहेरून माती किंवा मेण आणून घर बांधत नाही. तो झाडालाच कामाला लावतो. झाड आपल्याच पेशी वाढवतं, त्यांना वेगळा आकार देतं, आणि बऱ्याच गाठींमध्ये आतल्या बाजूला मऊ, पौष्टिक थर तयार करतं. भिंतही तीच आणि जेवणही तेच.

म्हणून ‘ही गाठ कोणी केली?’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. झाडाला ही आज्ञा कोणी दिली, असा तो प्रश्न आहे.

आधी झाडाची ओळख

विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते, आणि ते बरोबरच आहे. बॅटचं लाकूड याच झाडाचं. डोकेदुखीच्या गोळीशीही याचं नातं आहे: सॅलिसिलिक आम्लाचं नाव विलोच्या ‘सॅलिक्स’ या लॅटिन नावावरूनच पडलंय. आणि हे झाड फक्त परदेशातलं नाही बरं का. सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांच्या काठी उगवणारा आपला वाळुंज हासुद्धा सॅलिक्सच. म्हणजे मी ज्यांची पानं गोळा करत होते ती झाडं आपल्या वाळुंजाची थंड देशातली भावंडं आहेत. त्यातला एक पांढरा विलो, पानाची खालची बाजू चंदेरी असलेला, आणि दुसरा ज्याच्या फांद्या कट्‌कन मोडतात तो ठिसूळ विलो. माझ्या गाठी या दोघांवरच्या.

खरा कारागीर कोण

ती गाठ करते एक करवतमाशी. नावात माशी असली तरी ही घरातल्या माशीची कोणी लागत नाही. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या ज्या गणात येतात त्याच गणातली ही. मादीच्या शेपटाकडे अंडी घालण्याचा जो अवयव असतो त्याला करवतीसारखे दाते असतात, म्हणून हे नाव. माझ्या झाडांवरच्या जातीचं नाव पोंटानिया प्रॉक्सिमा. नव्या वर्गीकरणात तिला युउरा प्रॉक्सिमा म्हणतात. या जातीत नर क्वचितच सापडतात. माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात.

वसंतात विलोची पालवी उलगडत असतानाच ही मादी येते. कोवळ्या पानाला करवतीने बारीकशी खाच पाडते, आत अंडं ठेवते, आणि अंड्याबरोबर आपल्या ग्रंथींमधला थोडासा द्रव सोडते. काम संपलं. ती उडून जाते.

आता गंमत बघा. अंडं अजून अंडंच आहे, अळी जन्मलेलीसुद्धा नाही, आणि पान फुगायला लागतं. अंडं फुटेपर्यंत गाठ जवळजवळ पूर्ण वाढलेली असते. बाळ यायच्या आधी पाळणाच नाही, अख्खं घर तयार, तेही भरलेल्या फडताळासकट! मग अळी आतल्या भिंती खात वाढते, एक छोटं भोक पाडून विष्ठा बाहेर ढकलते, आणि वाढ पूर्ण झाली की गाठ सोडून खाली पालापाचोळ्यात, मातीत किंवा सालीच्या फटीत कोश करते. वर्षात अशा दोन पिढ्या होतात.

हे कळलं कसं?

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण माझ्यासारखी चूक करणारे मोठे लोकही होऊन गेलेत.

सतराव्या शतकात फ्रान्चेस्को रेडी नावाचा इटालियन वैद्य होता. सडक्या मांसात किडे आपोआप तयार होत नाहीत, माश्यांनी अंडी घातली तरच होतात, हे त्याने १६६८ मध्ये प्रयोग करून दाखवलं. मांस झाकून ठेवलं, किडे झाले नाहीत. शाळेच्या पुस्तकात हा प्रयोग आपण वाचलेला असतो. पण याच रेडीने गाठी कापून बघितल्या, आत अळ्या दिसल्या, बाहेरून आत जायला वाट दिसली नाही, आणि त्याने ठरवलं की या अळ्या झाडातूनच, झाडाच्याच सजीव शक्तीने तयार होतात! ज्या माणसाने मांसाबाबत ‘आधी झाकून बघा’ म्हटलं, त्याने गाठीबाबत मात्र झाकून बघितलं नाही. आत जे दिसलं त्यावरून तो थेट कारणावर गेला.

ही चूक त्याच्याच काळातल्या मार्चेल्लो माल्पिगीने सुधारली. त्याने १६७९ मध्ये गाठींवर सविस्तर लिहिलं. कीटक मादी झाडात अंडी घालते, सोबत द्रव सोडते आणि त्यातून गाठ होते, असं त्याचं म्हणणं होतं.

पण ‘द्रवामुळे होते’ हे म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. अंड्यामुळे होत असेल, अळीच्या खाण्यामुळे होत असेल, नुसत्या जखमेमुळेही होत असेल. हा गुंता विलोच्या करवतमाशीवरच सोडवला गेला. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक याने १८८८ मध्ये या गाठींवर काम प्रसिद्ध केलं. (हाच पुढे १८९८ मध्ये तंबाखूच्या पानांच्या रोगावर काम करताना विषाणूंची कल्पना मांडणारा बायरिंक. त्याची पीएच.डी. गाठींवर होती, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं!) त्याची युक्ती सोपी होती: गाठ सुरू झाल्यावर आतलं अंडंच मारून टाकायचं. अंडं मेलं तरी गाठ तयार झाली. म्हणजे गाठीची सुरुवात अळी करून देत नाही, तिची आई सोडून गेलेला द्रव करून देतो.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत याच गटातल्या दुसऱ्या एका करवतमाशीच्या ग्रंथींचा अर्क काढून विलोच्या कोवळ्या पानांत टोचून बघितला गेला. त्या द्रवात पेशी वाढवणारे पदार्थ आहेत का, हे तपासण्यासाठी. आणि २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आणखी आत डोकावलं. झाडाच्या वाढीची दोन मुख्य संप्रेरकं, ऑक्सिन आणि सायटोकायनिन, या करवतमाशीच्या अळ्यांच्या शरीरात झाडापेक्षाही भरपूर प्रमाणात सापडली. एवढंच नाही, ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून अळी स्वतः ऑक्सिन बनवू शकते, असंही त्यांना दिसलं. म्हणजे झाडाला द्यायची आज्ञा ती झाडाच्याच भाषेत देते.

मग सोंड्या तिथे काय करत होता?

आता बाटलीतल्या पाहुण्याकडे येऊ. त्याचं नाव आर्केरियस सॅलिसिव्होरस. स्वीडिश कीटकतज्ज्ञ पायकुल याने १७९२ मध्ये हे नाव दिलं. अर्थ अगदी सरळ: विलो खाणारा. नावात गाठीचा उल्लेखच नाही, हे मी नंतर लक्षपूर्वक वाचलं.

या सोंड्याची मादी करवतमाशीच्या कोवळ्या गाठी शोधत फिरते. सापडली की सोंडेने तिला भोक पाडते. सोंड म्हणजे हत्तीसारखी मऊ नाही हं, ती कडक असते आणि तिच्या टोकाला जबडे असतात. छोटं गिरमिटच म्हणा. त्या भोकातून ती आपलं अंडं गाठीत सरकवते. पुढे गाठीत वाढते ती सोंड्याची अळी. करवतमाशीचं अंडं किंवा तिची लहानगी अळी यातून वाचत नाही. घर कोणी बांधलं, राहतोय कोण! आपल्याकडे याला अगदी नेमका शब्दप्रयोग आहे: आयत्या बिळावर नागोबा.

शास्त्रात अशा राहणाऱ्याला ‘इन्क्विलाइन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भाडेकरू. पण हा भाडं देणारा भाडेकरू नाही. घरमालकाला संपवून घरात राहणारा आहे. तसाच तो नुसता शिकारीही नाही, कारण त्याचं मुख्य जेवण म्हणजे गाठीचा गर. मालक त्याला खायचा नसतो, मालक फक्त वाटेत असतो.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात दोन प्रश्न आले, आणि मला वाटतं तुमच्याही येतील.

पहिला: सोंड्याला हे सुचलं कुठून? त्याच्या नातेवाइकांकडे बघितलं की उलगडा होतो. याचे जवळचे भाऊबंद हेझलनटमध्ये आणि ओकच्या फळांत भोक पाडून अंडी घालतात. आंब्याची कोय फोडल्यावर आत निघणारा भुंगा तुम्ही पाहिला असेल, तोही सोंड्याच, जरा लांबचा. बाहेरून कवच, आत मऊ आणि सकस अन्न, आणि भोक पाडायला सोंड. या कुळाचा हा जुना धंदा आहे. आता गाठीकडे सोंड्याच्या नजरेने बघा. कवच आहे, आत गर आहे. त्याच्या लेखी गाठ हे एक फळच! ओकवरच्या गाठींमध्ये घुसणारा याचाच एक सख्खा भाऊ आहे, आर्केरियस पायरोसेरस. मायफळाला आपणही ‘फळ’ म्हणतोच की. सोंड्याचीही तीच समजूत, फक्त त्याला ती फायद्याची पडते.

दुसरा प्रश्न: मालक मेल्यावर घर का पडत नाही? बऱ्याच गाठींमध्ये अळी जिवंत असेतोवरच गाठ वाढते. अळी मेली की काम थांबतं. पण बायरिंकचा प्रयोग आठवा. विलोच्या या गाठीत पाया आईच्या द्रवाने घातलेला असतो. अंडं मेलं तरी गाठ होते. म्हणजे इथे मालकाला लवकर संपवलं तरी घर उभं राहतं. करवतमाशीने पिल्लासाठी केलेली ही आगाऊ तयारी, आणि तीच सोंड्याच्या पथ्यावर पडते. हा धागा जुळला त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले होते.

चूक होते कशी?

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं १८८८ पासून माहीत असताना तू चुकलीसच कशी? बरोबर आहे. पण ही चूक सहज होते, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

एक तर, बाटलीतून जो बाहेर येतो तोच आपल्याला दिसतो. ज्याला आतच मारलं तो कधीच दिसत नाही. त्या गाठींपुरतं माझ्याकडे करवतमाशी असल्याचा एकही पुरावा उरलेला नव्हता. पुरावा पुसूनच सोंड्या बाहेर आला होता.

दुसरं म्हणजे, गाठी करणारे सोंडे खरोखर असतात. कोबी आणि सलगम यांच्या मुळांवर गाठी करणारा सोंड्या युरोपातल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. अमरवेलीच्या पिवळ्या दोऱ्यांवर गाठी करणारे सोंडेही आहेत. त्यामुळे ‘सोंड्या गाठ करतो’ हे वाक्य ऐकायला अजिबात विचित्र वाटत नाही. एकदा कोणी ‘विलोच्या गाठीतून मिळाला’ असं लिहिलं की पुढचा ते ‘विलोवर गाठी करतो’ असं वाचतो, आणि त्याच्या पुढचा तसंच उतरवून घेतो. मी तरी दुसरं काय केलं होतं?

तिसरं म्हणजे, गाठीतली गर्दी. एका गाठीभोवती किती जण फिरत असतात याची कल्पना येण्यासाठी एक मोठं काम सांगते. युरोपभरातल्या विलोंवरच्या करवतमाश्यांच्या गाठी जवळपास तीन दशकं गोळा करून, त्यांतून काय काय निघतं याची नोंद ठेवली गेली आणि तो सगळा तपशील २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विलोचे ५२ प्रकार, गाठी करणाऱ्या करवतमाश्यांचे ९६ आणि त्यांच्या शत्रूंचे १२६ प्रकार आहेत. म्हणजे घरं बांधणाऱ्यांपेक्षा घरात घुसणाऱ्यांच्या जाती जास्त! त्यात अळीच्या अंगावर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या आहेत आणि आपले सोंडेही. अशा ठिकाणी ‘जो बाहेर आला तो मालक’ हा नियम लावला तर चूक होणं जवळजवळ ठरलेलंच.

मग खरा मालक ठरवायचा कसा?

माझ्या गाईडच्या एका प्रश्नातून मला एक यादीच मिळाली. ती तुमच्यासाठी इथे देते, कारण ती कुठल्याही झाडाच्या गाठीला लावता येते.

क्रम बघा. गाठ मोठी झाल्यावर नाही, ती सुरू होते तेव्हा आत कोण आहे? पुढच्या वसंतात मी हेच केलं. पालवी फुटल्यापासून दर आठवड्याला गाठी आणल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडल्या. अगदी कोवळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठींमध्ये करवतमाशीचं अंडं होतं. सोंड्या नंतर आला.

अळी ओळखा. हे घरीही जमण्यासारखं आहे, साधं भिंग पुरतं. करवतमाशीच्या अळीला पुढे खरे पाय असतात आणि मागे पोटाखाली मऊ पायांच्या जोड्या असतात. सुरवंटासारखी दिसते. सोंड्याच्या अळीला पायच नसतात. पांढरी, गुबगुबीत, जराशी वाकडी, तपकिरी डोक्याची. पहिल्या उन्हाळ्यात मी गाठी न उघडता नुसती वाट बघत बसले, तिथेच फसले.

वेगळं करून बघा. हीच रेडीची मांसावरची युक्ती. पालवी यायच्या आधी फांदीला बारीक जाळीची पिशवी बांधायची. एका पिशवीत कोणालाच सोडायचं नाही, दुसरीत फक्त सोंडे, तिसरीत फक्त करवतमाश्या, चौथीत दोघं. फक्त सोंडे असलेल्या पिशवीत गाठ आली तरच सोंड्याला कारागीर म्हणायचं. नाहीतर नाही. चार पिशव्या बांधल्या की वादाला जागाच उरत नाही.

उरलंसुरलं तपासा. आता डीएनएची मदत घेता येते. गाठीच्या आत राहिलेले अवशेष, विष्ठा, टाकून दिलेली कात यांतून आधी तिथे कोण होतं याचा माग काढता येतो. मालक मेला तरी त्याच्या खुणा पूर्णपणे पुसल्या जात नाहीत.

डॉक्टरही हेच करतात. आजारी माणसाच्या शरीरात जंतू सापडला म्हणून तो जंतूच आजाराचं कारण, असं लगेच ठरत नाही. तिथे असणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याने फरक काय पडतो?

आईने मला फोनवर हेच विचारलं होतं. "अगं, माशीने केली काय नि भुंग्याने केली काय, गाठ ती गाठच ना?"

आई, तणांचं उदाहरण घे. गाठ झाली की झाडाची शक्ती तिकडे वळते, फुलं-बिया कमी होतात. म्हणून उपद्रवी तणांना आवर घालायला गाठी करणारे कीटक मुद्दाम आणले जातात. मेक्सिकोतून आलेल्या एका तणावर फांदीत गाठी करणारी माशी १९४५ मध्ये हवाई बेटांवर सोडली. तिथे तिने चांगलं काम केलं. तीच माशी १९६३ मध्ये भारतात, निलगिरी भागात सोडली. कोकणात आणि घाटात आपण जिला रानमोडी म्हणतो, तिच्यासाठीही भारतात २००५ च्या सुमारास बंगळूरला गाठ करणारी दुसरी एक माशी सोडली गेली.

आता समजा, अशा कामासाठी परदेशातून गाठी आणल्या, बाटलीत ठेवल्या, आणि जो कीटक बाहेर आला तोच ‘गाठ करणारा’ समजून सोडून दिला. माझ्यासारखी चूक झाली, तर आपण सोडला कोण? तणाला त्रास देणारा नाही. तणाला त्रास देणाऱ्याला मारणारा! तणाचा शत्रू म्हणून तणाचा अंगरक्षकच आणल्यासारखं झालं. म्हणूनच बाहेरून आणलेले कीटक थेट सोडत नाहीत. आधी बंदिस्त प्रयोगशाळेत त्यांच्या पिढ्या वाढवतात, सोबत आलेला प्रत्येक आगंतुक वेगळा काढतात, आणि मग पुढचं ठरतं.

एवढी काळजी घेऊनही गोष्ट संपत नाही. निलगिरीतल्या त्या माशीवर भारतातल्याच परोपजीवी कीटकांनी ताव मारला आणि तिचा प्रभाव अपेक्षेइतका पडला नाही. ऑस्ट्रेलियातही तसंच झालं. नवं घर दिसलं की त्यावर डोळा ठेवणारे सगळीकडे असतात. तेव्हा गाठ कोण करतं, तिच्यात कोण घुसतं आणि घुसलेल्याला कोण मारतं, ही सगळी साखळी माहीत असल्याशिवाय गाठीवर भरवसा ठेवता येत नाही. मी त्या साखळीतल्या एका कडीवर काम करते. छोटी आहे, पण मधलीच आहे.

तुमच्यासाठी एक काम

शनिवार-रविवारी फिरायला जाल तेव्हा सातवीणीचं, करंजाचं किंवा आंब्याचं गाठीवालं पान तोडून आणा. नदीकाठी वाळुंज दिसला तर त्याचीही पानं उलटी-सुलटी करून बघा. दोन-तीन गाठी लगेच ब्लेडने हळूच उघडा, बाकीच्या बाटलीत ठेवा. आत्ता आत जे दिसेल ते लिहून ठेवा आणि नंतर जे बाहेर येईल तेही लिहा. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या निघाल्या तर घाबरू नका. उलट तिथूनच मजा सुरू होते.

आणि लेबल लिहिताना एक शब्द जपून वापरा. माझ्या बाटलीवर ‘करणारा’ खोडलेला आहे. त्याच्यावर आता लिहिलंय: ‘गाठीतून निघालेला कीटक – सोंड्या भुंगा’. एवढंच मला त्या दिवशी खरोखर माहीत होतं. बाकीचं कळायला आणखी एक वसंत लागला.